इंग्लंडमध्ये घर घेताना सॉलिसिटर कसा निवडावा आणि त्याच्याबरोबर काम कसं करावं

इंग्लंडमध्ये घर घ्यायचं ठरलं की आपण शाळा बघतो, स्टेशन किती मिनिटांवर आहे ते चालून बघतो, मॉर्गेजचे दर रोज ताडून पाहतो. सॉलिसिटर, म्हणजे खरेदीचं कायदेशीर काम बघणारा वकील, मात्र ऑफर मंजूर झाल्यावर, घाईत, इस्टेट एजंटने पुढे केलेलं पहिलं नाव घेऊन ठरतो. पुढचे तीन-चार महिने ज्याच्या ईमेलची वाट बघायची आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी रक्कम ज्याच्या खात्यात पाठवायची, तो माणूस असा निवडू नये.

शिवाय भारतातून आलेल्यांच्या फाइलीत काही गोष्टी जास्तीच्या असतात. पैसा पुण्याहून येणार असतो, काही रक्कम आईवडिलांनी दिलेली असते, नाशिकला नावावर फ्लॅट असतो. हे सॉलिसिटरला पहिल्या आठवड्यात कळलं तर काम सुरळीत होतं. दहाव्या आठवड्यात कळलं तर तारीख पुढे जाते, आणि कधी कधी कराचा आकडा हजारो पौंडांनी वाढतो. म्हणून सगळे टप्पे क्रमाने सांगताना भारतातून येणारा पैसा आणि भारतातलं घर या दोन विषयांवर मी जास्त थांबणार आहे.

हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. वेल्समध्ये कायदेशीर प्रक्रिया जवळपास तीच, पण तिथे लँड ट्रान्झॅक्शन टॅक्स नावाचा वेगळा कर लागतो आणि त्यात पहिल्या घराची सवलत नाही. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडची पद्धतच वेगळी आहे. तिथे तिथलाच सॉलिसिटर लागतो.

१. हे काम नेमकं काय आहे

महाराष्ट्रात वकील तीस वर्षांचा सर्च काढून टायटल रिपोर्ट देतो, आणि मग आपण दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन फोटो, अंगठा, सही करतो. इथे तुम्हाला कोणत्याही सरकारी कचेरीत जावं लागत नाही. मालकीची नोंद एचएम लँड रजिस्ट्रीकडे संगणकावर असते आणि त्या नोंदीमागे सरकारची हमी असते. ती नोंद विक्रेत्याच्या नावावरून तुमच्या नावावर येईपर्यंतचं सगळं कायदेशीर काम म्हणजे कन्व्हेयन्सिंग.

ते दोन प्रकारचे व्यावसायिक करतात. सॉलिसिटरवर सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीचं नियंत्रण असतं, तर लायसन्स्ड कन्व्हेयन्सरवर कौन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सचं. साध्या खरेदीला दोघेही चालतात. वारसा, ट्रस्ट, घटस्फोट अशी काही गुंतागुंत असेल तर मी सॉलिसिटरची फर्म घ्यायला सांगेन, कारण त्या विषयांची माणसं तिथे एकाच छपराखाली असतात.

दोन गोष्टी सुरुवातीलाच लक्षात ठेवा. एक, सॉलिसिटर घर बघायला येत नाही. भिंतीला तडा आहे की नाही, छत गळतं की नाही, हे सर्व्हेयरचं काम. त्यासाठी रिक्स या सर्व्हेयरांच्या व्यावसायिक संस्थेच्या सभासदाकडून लेव्हल २ किंवा लेव्हल ३ सर्व्हे स्वतंत्रपणे करून घ्यावा लागतो. बँक करते ते व्हॅल्युएशन बँकेसाठी असतं. दोन, मॉर्गेज असेल तर तोच सॉलिसिटर बहुधा बँकेसाठीही काम करत असतो. नोकरी बदलली किंवा डिपॉझिटचा काही भाग दुसरीकडून आला, तर ते बँकेपर्यंत जायलाच हवं. ते दडवून तो तुमचं काम करू शकत नाही.

२. शोध ऑफरच्या आधी सुरू करा

घरं बघायला लागलात की त्याच आठवड्यात निदान तीन ठिकाणांहून कोट, म्हणजे खर्चाचा लेखी अंदाज, मागवा. ऑफर मंजूर झाली की एजंट लगेच तुमच्या सॉलिसिटरचं नाव मागतो. तेव्हा नाव तयार असलं की तुम्ही गंभीर ग्राहक दिसता, आणि कोणाच्या शिफारशीला बळी पडायची वेळ येत नाही.

एजंटची शिफारस वाईटच असते असं नाही. पण त्यामागे बहुतेक वेळा रेफरल फी असते, आणि ती किती आहे हे तुम्हाला सांगायला हवं. न सांगितल्यास विचारा. ‘आमचाच सॉलिसिटर घेतला तर तुमची ऑफर पुढे सरकेल’ असं कोणी सुचवलं तर ते मानू नका. एजंटची इतर सेवा घेतली नाही म्हणून ग्राहकाला डावलायला कायद्याने मनाई आहे. नव्या बांधकामात बिल्डरही स्वतःच्या यादीतलं नाव पुढे करतो आणि एक्स्चेंजसाठी, म्हणजे करार पक्का करण्यासाठी, बऱ्याचदा २८ दिवसांची मुदत घालतो. त्या मुदतीत काम होईल का, हे तुमच्या पसंतीच्या सॉलिसिटरला विचारा. पण निवड तुमचीच ठेवा.

लॉ सोसायटीच्या ‘फाइंड अ सॉलिसिटर’ या शोधयादीत फर्म सापडते, आणि कन्व्हेयन्सिंग क्वालिटी स्कीम या तिच्या दर्जा-मान्यतेत ती आहे का हेही दिसतं. नाव खरंच नोंदलेलं आहे का, ते नियामक संस्थेच्या वेबसाइटवर तपासा. मंडळाच्या कार्यक्रमात, गणपतीत, मुलांच्या मराठी शाळेबाहेर चौकशी करणंही चांगलं. फक्त ‘चांगला आहे का?’ एवढ्यावर थांबू नका. फोन उचलायचे का, रजेवर गेल्यावर फाइल कोणी बघितली, भारतातून आलेल्या पैशाला त्यांनी काय काय मागितलं, हे विचारा. हॅरो, वेम्ब्ली, लेस्टर, स्लाव या भागांत भारतीय वंशाचे सॉलिसिटर सहज भेटतात. त्यांना एनआरओ खातं (अनिवासी भारतीयांचं भारतातलं रुपयांचं खातं) म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही, ही मोठी सोय आहे. तरी बाकीच्या कसोट्या त्यांनाही लावा.

कोट मागताना मी हे प्रश्न विचारायला सांगते: माझ्या बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे तिच्या मान्य फर्मच्या यादीत, तुम्ही आहात का? फाइल प्रत्यक्ष कोण हाताळणार, आणि ती व्यक्ती पात्र सॉलिसिटर आहे की तिच्यावर कोणी देखरेख करतं? परदेशातून आलेला पैसा तुम्ही स्वीकारता का, आणि त्याला कोणते कागद लागतील? स्टँप ड्यूटीबाबत सल्ला देता, की फक्त फॉर्म भरता? व्यवहार मोडला तर मी किती देणं लागेन?

पॅनेलचा प्रश्न सगळ्यात आधी. फर्म बँकेच्या पॅनेलवर नसेल तर बँक स्वतःचा वेगळा सॉलिसिटर नेमते, त्याचा खर्च तुमच्यावर येतो आणि कामाला वेळही जास्त लागतो.

३. कोट नीट वाचा

जाहिरातीतला आकडा जवळजवळ कधीच अंतिम नसतो. कोटात तीन थर असतात: फर्मची फी, त्यावर २० टक्के व्हॅट, आणि फर्मने तुमच्या वतीने इतरांना भरायच्या रकमा, ज्यांना डिस्बर्समेंट म्हणतात. यात सर्च (कौन्सिल वगैरेंकडून घराविषयी मागवायची माहिती), लँड रजिस्ट्रीची फी, ओळख तपासणीचा खर्च आणि बँक ट्रान्सफरचा आकार येतो. साध्या फ्रीहोल्ड (जमिनीसकट कायमच्या मालकीच्या) घरासाठी फर्मची फी साधारण एक ते दोन हजार पौंडांच्या दरम्यान असते, आणि सर्चचे तीनशे ते पाचशे पौंड वेगळे.

खरी मेख ‘अ‍ॅडिशनल’ या सदरात असते. लीजहोल्डचा (ठरावीक वर्षांच्या हक्काच्या घराचा) जादा आकार, भेट म्हणून मिळालेल्या डिपॉझिटच्या तपासणीचा आकार, स्टँप ड्यूटीचा फॉर्म भरण्याचा आकार, दुसऱ्या खरेदीदाराची ओळख तपासण्याचा आकार. स्वस्त कोट इथेच महाग होतं. म्हणून सगळ्यांना एकाच मजकुराचा ईमेल पाठवा: घराची किंमत, फ्रीहोल्ड की लीजहोल्ड, मॉर्गेज आहे का, खरेदीदार किती, पैसा कुठून येणार. मग आलेली कोटं शेजारी ठेवून तुलना करता येते. सॉलिसिटर फर्मना निवासी कन्व्हेयन्सिंगच्या फीची माहिती वेबसाइटवर देणं २०१८च्या डिसेंबरपासून बंधनकारक आहे, तेव्हा तिथूनही सुरुवात करता येईल.

‘नो सेल, नो फी’ याचा अर्थ व्यवहार फिसकटला तर फर्म स्वतःची फी घेत नाही एवढाच. सर्चवर गेलेले पैसे परत येत नाहीत.

दोनशे पौंडांच्या फरकासाठी फोन न उचलणारी फर्म घेऊ नका. हे मी अगदी ठामपणे सांगते.

४. पैशाचा माग द्या, सगळा आणि एकदम

मनी लाँडरिंगविरोधी नियमांमुळे सॉलिसिटरला दोन गोष्टी तपासाव्या लागतात: तुम्ही तुम्हीच आहात का, आणि घरात घालणार असलेला पैसा कुठून आला. दुसरी तपासणी आपल्याला अपमानास्पद वाटते, कारण पैसा कष्टाचा असतो. पण ती सगळ्यांचीच होते, आणि ती पुरी न करणारी फर्म स्वतः अडचणीत येते.

ओळखीच्या कागदांपासून सुरुवात करू. ऑनलाइन तपासणीची अ‍ॅप बऱ्याचदा पासपोर्टातली चिप वाचतात. जुन्या भारतीय पासपोर्टात चिप नसते, त्यामुळे तपासणी अडकू शकते. मग मूळ पासपोर्ट घेऊन फर्ममध्ये जावं लागतं किंवा प्रमाणित प्रत द्यावी लागते. दुसरी अडचण नावाची. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, बँकेत फक्त नाव-आडनाव, लग्नानंतर एका कागदावर सासरचं नाव तर दुसऱ्यावर माहेरचं. लँड रजिस्ट्रीत नाव कसं लागणार ते पहिल्याच ईमेलमध्ये स्पष्ट लिहा, आणि सोबत विवाह प्रमाणपत्र किंवा गॅझेटची प्रत जोडा.

आता पैसा. इथल्या पगारातून साठवलेला असेल तर सहसा सहा महिन्यांची स्टेटमेंट पुरतात. भारतातून येणार असेल तर उगमापासून तुमच्या इथल्या खात्यापर्यंतची प्रत्येक कडी कागदावर दिसायला हवी. समजा पुण्यातला फ्लॅट विकला. मग विक्रीचा नोंदणीकृत करार, सूची क्रमांक २, खरेदीदाराकडून पैसे जमा झाल्याचं स्टेटमेंट, टीडीएस कापल्याचा कागद, बँकेने रक्कम परदेशी पाठवल्याची पावती, आणि शेवटी इथल्या खात्यात जमा झाल्याची नोंद. सूची क्रमांक २ मराठीत असते; तिचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा.

एनआरओ खात्यातून कर भरल्याच्या पुराव्यासह एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. त्याला सीएचं प्रमाणपत्र आणि बँकेची प्रक्रिया लागते, आणि ती दोन दिवसांत होत नाही. एनआरई खात्यातला, म्हणजे परदेशी कमाईच्या खात्यातला, पैसा मोकळेपणाने बाहेर नेता येतो. आईवडील भारतात राहत असतील आणि स्वतः पाठवणार असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीमखाली प्रत्येकाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, हे मोठ्या रकमेच्या नियोजनात उपयोगी पडतं. ठरावीक रकमेवर पाठवताना बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, वसूल करते. तो नंतर त्यांच्या आयकरात वळता करून घेता येतो, पण त्या दिवशी तेवढे पैसे हातात जास्त लागतात.

भेट असेल तर देणाऱ्यांकडून पत्र लागतं: ही रक्कम परत मागणार नाही, आणि या घरात आमचा हक्क नसेल. हे पत्र बाबांना समजावून सांगताना थोडं जड जातं, कारण आपल्याकडे मुलाला दिलेल्या पैशाचं असं लिहून घेत नाहीत. तरी ते लागतंच. सोबत त्यांची ओळखपत्रं आणि त्यांच्याकडे तो पैसा कसा आला याचा पुरावाही मागतात: निवृत्तीची रक्कम, मोडलेली मुदत ठेव, विकलेली जमीन. काही बँका परदेशातून आलेली भेट डिपॉझिट म्हणून मान्य करत नाहीत. हे मॉर्गेजचा अर्ज करण्याआधीच ब्रोकरला विचारा.

टाळायची गोष्ट एकच: काका, मावसभाऊ, मित्र अशा पाच खात्यांतून तुकड्या-तुकड्यांनी पैसे मागवणं. प्रत्येक तुकड्यामागे नव्या माणसाची तपासणी सुरू होते. पैसा एका ठिकाणी गोळा करून, तुमच्याच नावाच्या इथल्या खात्यात आणून, तिथून सॉलिसिटरकडे पाठवा.

कागदांचा एक संच बांधा, वर अर्ध्या पानाची टिप्पणी इंग्रजीत लिहा, म्हणजे कोणती रक्कम कुठून, कधी, कोणत्या खात्यात आली ते एका नजरेत कळेल, आणि तो पहिल्याच आठवड्यात द्या. या अर्ध्या पानाने वाचणारा वेळ दुसऱ्या कशानेच वाचत नाही.

५. भारतातलं घर आणि इथली स्टँप ड्यूटी

हा भाग दोनदा वाचा. इथली स्टँप ड्यूटी ठरवताना जगात कुठेही असलेलं घर मोजलं जातं.

१ एप्रिल २०२५पासूनचे दर असे आहेत: पहिल्या १,२५,००० पौंडांवर शून्य, तिथून २,५०,०००पर्यंत २ टक्के, पुढे ९,२५,०००पर्यंत ५ टक्के, आणि त्यावर आणखी चढे दर. पहिलं घर घेणाऱ्याला ३,००,०००पर्यंत काही नाही, आणि तिथून ५,००,०००पर्यंत ५ टक्के; घर ५,००,०००पेक्षा महाग असेल तर ही सवलत मुळीच मिळत नाही. याउलट, दुसरं घर घेणाऱ्याला पूर्ण किमतीवर ५ टक्के अधिभार. तो ३१ ऑक्टोबर २०२४पासून ३ टक्क्यांवरून ५ झाला.

समजा साडेतीन लाख पौंडांचं घर आहे. पहिलं घर म्हणून कर २,५०० पौंड. सवलत नसेल तर ७,५००. अधिभार लागला तर २५,०००. एकच घर, एकच रस्ता, आणि फरक केवळ तुमच्या नावावर आधी काय आहे याचा.

‘पहिलं घर’ याची व्याख्या कडक आहे. तुम्ही जगात कुठेही, कधीही, विकत घेऊन, भेटीत किंवा वारसाहक्काने राहत्या घरात मालकी मिळवली असेल तर सवलत जाते. ते घर आता विकलेलं असलं तरी. दोघं मिळून घेत असाल तर दोघांचंही पहिलंच असायला हवं. बायकोच्या वडिलांनी लग्नाआधी तिचं नाव ठाण्याच्या फ्लॅटवर लावलेलं असतं आणि ते कोणाच्या लक्षातही नसतं. घरी फोन करून विचारा.

अधिभाराची कसोटी वेगळी. तिथे आज तुमच्या मालकीचं, ४०,००० पौंड किंवा जास्त किमतीचं दुसरं घर आहे का, हे बघतात. आजच्या दराने ही रक्कम साधारण पंचेचाळीस-पन्नास लाख रुपये होते. पुणे-मुंबईतला बहुतेक कुठलाही फ्लॅट या रेषेच्या वर जातो. सामाईक मालकी असेल तर तुमच्या हिश्श्याची किंमत बघतात, आणि एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोपैकी एकाचं घर दोघांचं धरलं जातं. गावच्या वाड्यात वारसाने आलेला लहान हिस्सा या रेषेखाली राहू शकतो; पण पहिल्या घराची सवलत त्याने तरीही जाऊ शकते. नुसती शेतजमीन, जिच्यावर घर नाही, ती राहतं घर ठरत नाही. भारतातलं घर तुमचं मुख्य राहतं घर होतं आणि ते विकून त्याच्या जागी इथे घेत असाल, तर अधिभारातून सुटका किंवा परतावा मिळू शकतो. त्यात तीन वर्षांच्या मुदती आहेत, म्हणून तारखा लिहून काढा.

नुकतेच आलेल्यांसाठी आणखी एक: खरेदीआधीच्या बारा महिन्यांत तुम्ही यूकेमध्ये किमान १८३ दिवस नसाल तर २ टक्के अनिवासी अधिभार वेगळा लागतो. नंतर अटीत बसलात तर तो परत मागता येतो.

अविभक्त कुटुंबाची मिळकत, वाटणी न झालेला वाडा, हक्कसोडपत्र अशा बाबतीत साधा कन्व्हेयन्सर उत्तर देऊ शकेलच असं नाही. बऱ्याच फर्म करविषयक सल्ला देत नाही असं पत्रातच लिहितात. मग कर सल्लागाराला वेगळे पैसे देऊन लेखी उत्तर घ्या. फॉर्मवरच्या माहितीची जबाबदारी शेवटी तुमची असते.

६. करारपत्रं, सर्च आणि एन्क्वायरी

विक्रेत्याचा सॉलिसिटर कराराचा मसुदा, टायटल रजिस्टर, नकाशा आणि विक्रेत्याने भरलेले फॉर्म पाठवतो. टीए६ हा घराच्या माहितीचा, टीए१० घरात काय काय ठेवून जाणार त्याचा. हे तुम्हालाही पाठवतील. ते वाचा. पडदे, ओव्हन, बागेतली शेड यावरचे वाद टीए१०मधल्या एका चौकोनावर ठरतात.

टायटलच्या नकाशावर लाल रेघ असते. ती घेऊन प्रत्यक्ष घरी जा. गाडी लावायची जागा, मागची बाग, बाजूची गल्ली रेघेच्या आत आहे का? सॉलिसिटर जागेवर येत नाही, म्हणून तुमचे डोळेच त्याचे डोळे. पोटमाळ्यावर खोली काढलेली दिसली, मागे स्वयंपाकघर वाढवलेलं दिसलं, खिडक्या नव्या दिसल्या, छतावर सोलर पॅनेल दिसली, तर एका ईमेलमध्ये सगळं कळवा. मग तो प्लॅनिंगची परवानगी, बिल्डिंग रेग्युलेशनचं पूर्णत्वाचं प्रमाणपत्र, खिडक्या नियमाप्रमाणे बसवल्याचं फेन्सा प्रमाणपत्र मागेल. तुम्ही सांगितलंच नाही तर त्याला कळायला मार्ग नाही. घर पुढे वाढवायचा किंवा भाड्याने द्यायचा विचार असेल तर तोही सांगा; जुन्या दस्तातल्या बंधनांत त्याला मनाई असू शकते.

परवानगीचा कागद सापडत नसेल तर विक्रेता बहुधा इन्डेम्निटी विमा देऊ करतो. तो केवळ कायदेशीर कारवाईच्या खर्चापुरता असतो. बांधकाम सुरक्षित आहे याची हमी त्यात नसते. आणि हा विमा घ्यायचा असेल तर स्वतःहून कौन्सिलला फोन करून विचारू नका, कारण त्यामुळे विमा मिळण्याचा मार्गच बंद होऊ शकतो.

सर्चमध्ये स्थानिक कौन्सिलची, पाणी-सांडपाण्याची आणि पर्यावरणाची, पूर धरून, माहिती येते. डरहॅम, नॉटिंगहॅमशर यांसारख्या खाणींच्या भागात कोळसा खाणींची तपासणीही होते. काही कौन्सिलकडून निकाल यायला आठवडे लागतात.

या काळात ‘काही अपडेट?’ असे रोजचे ईमेल पाठवून काही होत नाही. आठवड्यातून एकदा, विषयाच्या ओळीत फाइल क्रमांक आणि घराचा पत्ता घालून, नेमकं विचारा: कोणत्या एन्क्वायरी (विक्रेत्याच्या सॉलिसिटरला विचारलेले प्रश्न) बाकी आहेत, कोणाकडे अडल्या आहेत, माझ्याकडून काय हवं आहे? उत्तरात विक्रेत्याकडे अडल्याचं कळलं तर एजंटला फोन करा. दुसऱ्या बाजूला हलवायचं काम एजंट जास्त चांगलं करतो.

७. फ्लॅट असेल तर

फ्लॅट जवळपास नेहमी लीजहोल्ड असतो, म्हणजे तुम्ही ठरावीक वर्षांचा हक्क घेता. ८० वर्षांपेक्षा कमी लीज राहिली असेल तर ती वाढवणं महाग पडतं आणि मॉर्गेजलाही अडचण येते. ग्राउंड रेंट, म्हणजे जमीनमालकाचं भाडं, किती आणि तो दर काही वर्षांनी दुप्पट होतो का, सर्व्हिस चार्ज गेल्या तीन वर्षांत कसा वाढला, मोठ्या दुरुस्तीची नोटीस निघाली आहे का, हे सॉलिसिटरकडून लेखी घ्या. उंच इमारतीत बाहेरच्या क्लॅडिंगचा (भिंतीवरच्या आवरणाचा) प्रश्न लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१७मध्ये लागलेल्या आगीनंतर कळीचा झाला आहे. बँक बाहेरच्या भिंतींच्या अग्निसुरक्षेचा ईडब्ल्यूएस१ फॉर्म मागू शकते. मॅनेजमेंट कंपनीकडून माहितीचा संच यायला वेळ लागतो, म्हणून विक्रेत्याने तो पहिल्याच दिवशी मागवावा असा आग्रह धरा. नव्या वसाहतींत फ्रीहोल्ड घरालाही रस्ते-बागांच्या देखभालीचा वार्षिक आकार असतो. तो प्रश्न विसरू नका.

८. घर कोणाच्या नावावर, कसं

दोघांच्या नावावर घेताना सॉलिसिटर विचारतो: जॉइंट टेनंट्स की टेनंट्स इन कॉमन? पहिल्यात दोघांचं मिळून एकच अखंड स्वामित्व, आणि एक गेला की घर आपोआप दुसऱ्याचं. दुसऱ्यात प्रत्येकाचा हिस्सा वेगळा, आणि तो मृत्युपत्राप्रमाणे जातो. एकाच्या आईवडिलांनी मोठी रक्कम दिली असेल तर हिस्से लिहून ठेवणारा डिक्लरेशन ऑफ ट्रस्ट करता येतो. हा प्रश्न ‘दोघांचं समान’ असं म्हणून पटकन टिकमार्क करण्याचा नाही. नवरा-बायकोने बसून बोलावं, आणि त्याच सुमारास इथलं मृत्युपत्र करावं.

९. एक्स्चेंज

करारांची अदलाबदल होईपर्यंत कोणीही कधीही मागे फिरू शकतं, आणि विक्रेता जास्त किमतीची दुसरी ऑफरही घेऊ शकतो. एक्स्चेंज दोन सॉलिसिटर फोनवर करतात, आणि त्या क्षणी तुम्ही बांधले जाता. डिपॉझिट साधारण १० टक्के असतं. नंतर माघार घेतली तर ते जातं. म्हणून सॉलिसिटरचा रिपोर्ट नीट वाचून शंका आधी विचारा. मॉर्गेज ऑफर हातात हवी, घराचा विमा एक्स्चेंजच्या दिवसापासून सुरू हवा, आणि भाड्याच्या घराची नोटीस त्याआधी मुळीच देऊ नये.

सह्यांसाठी साक्षीदार लागतो. तो घरातला नसावा, आणि सही होताना समोर हजर असावा. जोडीदार त्या काळात भारतात असेल तर आधीच सांगा, कारण मूळ कागद कुरियरने यावे लागतात.

मुहूर्ताविषयीही इथेच बोलायला हवं. अक्षय्य तृतीयेला किंवा दसऱ्याला कम्प्लिशन, म्हणजे पैसे देऊन घराचा ताबा घेणं, हवं असेल तर ते एक्स्चेंजआधी सांगा. बँकांचा कामाचा दिवस असेल आणि चेनमधल्या (एकमेकांवर अवलंबून असलेल्या खरेदी-विक्रीच्या साखळीतल्या) सगळ्यांना चालणार असेल तर जमतंही. नाही जमलं, तर किल्ल्या पितृपक्षात घेऊन गृहप्रवेश नवरात्रात करणारी कितीतरी कुटुंबं आहेत.

१०. पैसे पाठवताना

ईमेल हॅक करून सॉलिसिटरच्या नावाने ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ असा निरोप पाठवणारे चोर इथे फार सक्रिय आहेत. खात्याचा तपशील सुरुवातीच्या पत्रातून घ्या. पाठवण्याआधी, तुम्ही स्वतः शोधलेल्या फर्मच्या नंबरवर फोन करून तो आकडा आकडा वाचून ताडा. आधी एक पौंड पाठवा, पोहोचल्याची खात्री फोनवर करा, मग उरलेली रक्कम. तुमच्या बँकेची दैनंदिन मर्यादाही दोन दिवस आधी तपासा.

कम्प्लिशनच्या दिवशी पैसे विक्रेत्याच्या सॉलिसिटरकडे पोहोचले की एजंट किल्ल्या देतो. शुक्रवार सगळ्यांनाच हवा असतो, पण काही अडलं तर मध्ये दोन दिवस बँका बंद. जमलं तर मंगळवार किंवा बुधवार घ्या.

११. किल्ली मिळाल्यानंतर

स्टँप ड्यूटीचा फॉर्म आणि पैसे कम्प्लिशनपासून १४ दिवसांत जायला हवेत. ते सॉलिसिटर करतो, पण पावती मागून घ्या. लँड रजिस्ट्रीतली नोंद व्हायला कधी कधी महिने लागतात. ती आली की नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर तपासा.

काम बिघडलं तर आधी फर्मकडे लेखी तक्रार करा. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर लीगल ओम्बड्समनकडे जाता येतं, आणि त्यासाठी तुम्हाला खर्च नाही.

लँड रजिस्ट्रीची प्रॉपर्टी अलर्ट सेवा मोफत आहे. घराच्या नोंदीत कोणी काही बदल करायला निघालं तर तुम्हाला ईमेल येतो. पुढे घर भाड्याने देऊन काही वर्षांसाठी भारतात परतलात, तर रजिस्टरमधला पत्रव्यवहाराचा पत्ता बदलायला विसरू नका. तिथे तीन पत्ते देता येतात, आणि त्यांत ईमेल किंवा भारतातला पत्ताही चालतो. मालक राहत नसलेली घरंच फसवणूक करणाऱ्यांच्या नजरेत असतात. सॉलिसिटरच्या प्रमाणपत्राशिवाय विक्री किंवा नवं मॉर्गेज नोंदवता येऊ नये अशी अट रजिस्टरमध्ये घालण्यासाठी आरक्यू नावाचा फॉर्म आहे. परतीचं विमान पकडण्याआधी तो भरून टाका.